कॅलिफोर्निया वंडर (ढोबळी मिरची)

कॅलिफोर्निया वंडर हा ढोबळी मिरचीचा एक जुना सरळ वाण आहे. ढोबळी मिरचीला भोपळी मिरची किंवा सिमला मिरची असेही म्हणतात. हा वाण १९२८च्या सुमारास अमेरिकेत प्रचारात आला. भारतातही त्याची लागवड होते. तो संकरित नसल्यामुळे घरी राखलेल्या बियांपासून पुन्हा तसेच पीक घेता येते. मात्र परसबागेत तिखट मिरचीही असल्यास बियाणे शुद्ध राखण्यासाठी विशेष दक्षता घ्यावी लागते.

वर्णन

वनस्पतिशास्त्रानुसार हा वाण कॅप्सिकम ॲनम या जातीत मोडतो. नेहमीच्या वापरातील बहुतेक तिखट मिरच्याही याच जातीच्या आहेत. झाड साधारणपणे ६० ते ७५ सेंमी उंच वाढते. फळ जाड सालीचे, बहुधा चार कप्प्यांचे आणि सुमारे १० सेंमी लांबीचे असते. ते प्रथम हिरवे असते व पूर्ण पिकल्यावर लाल आणि अधिक गोड होते.

सौम्यतेचे कारण

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन व त्यासारख्या द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये मुख्यतः बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गरात तयार होतात, बियांत नव्हे. तिखटपणाचे जनुक प्रभावी असते. ढोबळी मिरचीत त्याचे निकामी, अप्रभावी रूप दोन्ही गुणसूत्रांवर असल्यामुळे कॅप्सेसिन तयार होत नाही. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या मापनपद्धतीत ढोबळी मिरचीचा तिखटपणा शून्य धरला जातो.

परसबागेतील लागवड

महाराष्ट्रातील मैदानी भागात हिवाळी पिकासाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बी पेरतात. बी अर्धा ते एक सेंमी खोल पेरावे. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ते साधारण ८ ते १४ दिवसांत उगवते. पाच-सहा आठवड्यांची रोपे ४५ सेंमी अंतरावर किंवा प्रत्येकी १२ इंची कुंडीत एक याप्रमाणे लावतात. माती भुसभुशीत व पाण्याचा निचरा होणारी असावी आणि तीत कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. पुनर्लागवडीनंतर सुमारे ७० ते ७५ दिवसांत हिरवी फळे तोडणीस येतात.

दिवसाचे तापमान ३२ अंशांच्या वर गेल्यास फुले गळतात. पाणी अनियमित दिल्यास कॅल्शियम फळापर्यंत नीट पोहोचत नाही व फळाचे टोक काळे पडून सडते. पानांचा पुरेसा आडोसा नसल्यास कडक उन्हाने सालीवर पांढुरके डाग पडतात. फुलकिडे व कोळी यांच्या प्रादुर्भावाने पाने आकसून वळतात. या विकृतीला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात.

बियाणे राखणे

मिरचीचे फूल द्विलिंगी असून स्वपरागणाने फळ धरते, परंतु मधमाश्यांमुळे परपरागणही होते. तिखट मिरचीशेजारी लावलेली ढोबळी मिरची त्याच हंगामात तिखट होते, हा समज चुकीचा आहे. फळाची साल व गर मातृवनस्पतीचेच असल्यामुळे संकर झालेले फळही सौम्यच लागते. बदल घडतो तो बियांत. त्या पेरल्यावर पुढील पिढीत प्रभावी जनुकामुळे तिखट आणि बहुधा लहान, निमुळती फळे येतात. त्यामुळे फळ चाखून बियांची शुद्धता ओळखता येत नाही.

परसबागेत दोन वाणांमध्ये काही शे मीटर अंतर ठेवणे सहसा शक्य नसते. अशा वेळी कळी उमलण्यापूर्वी तिच्यावर मलमलीची पिशवी बांधतात. फुलल्यानंतर फांदी हलकेच हलवल्यास परागकण त्याच फुलात पडतात. फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधतात, म्हणजे ते चुकून तोडले जात नाही. शेजारच्या गच्चीवरील तिखट मिरचीचे परागही मधमाश्या आणू शकतात. म्हणून घरी तिखट मिरची नसली तरी ही पद्धत उपयोगी ठरते.

बियांसाठी निरोगी झाडांवरील पूर्ण लाल झालेली फळे निवडावीत. शक्यतो ती एकाहून अधिक झाडांची असावीत. बिया सावलीत वाळवून, वाणाचे नाव व वर्ष लिहून हवाबंद बाटलीत कोरड्या, थंड जागी ठेवतात. अशा बियांची उगवणक्षमता साधारणपणे दोन ते तीन वर्षे टिकते. बाजारातील ढोबळी मिरची बहुधा संकरित वाणाची असल्याने तिच्या बियांपासून मूळ फळासारखीच फळे मिळतील याची खात्री नसते.