ज्येष्ठांचा अंगठा, मुलाचा ओटीपी : सीमाभागातल्या वयस्कांना मशीनचा व्यवहार कुठे सोपा, कुठे अवघड

कडगंची (ता. आळंद, जि. कलबुर्गी) : कलबुर्गी-आळंद रस्त्यावरच्या कडगंचीची ओळख दोन गोष्टींनी आहे. गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर यांचं घराणं इथलं मानलं जातं, आणि २००९ साली स्थापन झालेलं कर्नाटक केंद्रीय विद्यापीठही कडगंचीलाच आहे. विद्यापीठातली पोरं चहाचे पैसेसुद्धा फोनवरून देतात. पण साठी-सत्तरी ओलांडलेल्यांचंही आता मशीनवाचून चालत नाही. संध्या सुरक्षा पेन्शन, गृहलक्ष्मीचे पैसे, रेशन, जमिनीची पहाणी, सगळं त्यातूनच येतं. फरक एवढाच, की मशीन दुसऱ्याचं, फोन दुसऱ्याचा आणि बोट तेवढं आपलं, अशी अनेकांची गत असते. हे कुठे अडतं आणि पैसे सुरक्षित राहण्यासाठी काय पाहावं, याची ही माहिती.

पहिला संगणक 'भूमी'चा

इथल्या बहुतेक वयस्क शेतकऱ्यांचा संगणकाशी पहिला संबंध आला तो कर्नाटक सरकारच्या 'भूमी' योजनेमुळे. २००० सालाच्या आसपास राज्यभरातले सुमारे दोन कोटी जमीन उतारे संगणकावर चढवले गेले. तालुक्याच्या खिडकीवर सर्व्हे नंबर सांगायचा, पंधरा रुपये द्यायचे आणि पहाणी घेऊन घरी यायचं. गावच्या लेखपालामागे हिंडणं कमी झालं. त्यासाठी शेतकऱ्याला संगणक शिकावा लागला नाही, अक्षर ओळखही लागली नाही.

त्या व्यवस्थेत ओळख पटवण्यासाठी बोट लावावं लागायचं ते नोंदी हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला. आता उलट झालं आहे. रेशन असो वा खात्यातले पैसे, आपण आपणच आहोत हे सिद्ध करायची जबाबदारी म्हाताऱ्या माणसावर आली आहे. 'आमच्या अप्पांना मोबाईल जमत नाही' असं घरोघरी म्हटलं जातं. खरी अडचण जमण्या-न जमण्याची कमी आणि या बदललेल्या जबाबदारीची जास्त आहे.

अंगठा उठत नाही तेव्हा

तूर काढणं, खुरपणी, ऊसतोड, भांडी-धुणी यांत आयुष्य गेलेल्या हातांच्या रेषा झिजतात. वयानुसार कातडीही कोरडी पडते. मग मशीनवर अंगठा 'उठत' नाही आणि माणूस हेलपाटे घालत राहतो. अशा वेळी :

• अंगठाच लावला पाहिजे असं नाही. आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात, दुसरं बोट लावून पाहावं.
• हात धुऊन पुसावेत. बोट फार कोरडं असेल तर किंचित ओलसर करून लावावं.
• तरीही जमत नसेल तर आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्यानं करून घ्यावी.
• ठसा जुळत नाही एवढ्या कारणावरून हक्काचा लाभ नाकारू नये, पर्यायी पद्धतीनं ओळख पटवावी, असं आधार प्राधिकरणानं ऑक्टोबर २०१७ मध्येच सरकारी खात्यांना कळवलं आहे. रेशन दुकानात किंवा कचेरीत हे ठामपणे सांगता येतं.

निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, भविष्य निर्वाह निधीचे पेन्शनर यांच्यासाठी हयातीचा दाखला डिजिटल पद्धतीनं देण्याची 'जीवन प्रमाण' सोय १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली. २०२१ पासून त्यात चेहरा दाखवून ओळख पटवता येते, म्हणजे बोटाचं मशीन लागत नाही. घरातल्या कुणाच्याही स्मार्टफोनवर हे होतं. संध्या सुरक्षासारख्या सामाजिक पेन्शनची पडताळणी मात्र वेगळी असते. तिची चौकशी नाडकचेरीत करावी.

ओटीपी पुण्यात, अव्वा गावात

या भागातली तरुण मंडळी कामासाठी सोलापूर, पुणे, मुंबई, हैदराबादला जातात. आई-वडिलांचं खातं आणि आधार जोडताना मुलाचाच नंबर दिलेला असतो. मग ओटीपी पोराच्या फोनवर जातो आणि अव्वा इथे काउंटरवर थांबते. पोरगा ड्युटीवर असला की काम दुसऱ्या दिवसावर. पोरानं नंबर बदलला तर कामच ठप्प.

गृहलक्ष्मी योजना ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा हा प्रश्न जास्त जाणवला. महिन्याचे दोन हजार रुपये रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असलेल्या बाईच्या नावे येतात. अनेक घरांत ती सासूबाई असते. पैसे तिचे, पण आले की नाही हे कळतं दुसऱ्याला. भांडणाचं आणि फसवणुकीचंही मूळ इथेच असतं.

यावर उपाय साधा आहे. आई-वडिलांजवळ त्यांचा स्वतःचा, बटणांचा का होईना, फोन असावा आणि तोच नंबर बँकेत व आधारमध्ये द्यावा. ओटीपीला स्मार्टफोन लागत नाही.

दुसरी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. एकाच माणसाची दोन-तीन खाती असतील तर आधारवर येणारे सरकारी पैसे ज्या बँकेत आधार सर्वांत शेवटी जोडलं, तिथे जातात. 'पैसे आलेच नाहीत' असं वाटलं तर आधी दुसऱ्या खात्याचं पासबुक भरून पाहावं.

बोलायला कन्नड, वाचायला मराठी

आळंद, बसवकल्याण, भालकी, औराद या तालुक्यांत मराठी घरं मोठ्या संख्येनं आहेत. हा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. त्यानंतरही मराठी शाळांत शिकलेली पिढी आज सत्तरीत आहे. ही माणसं बाजारात, बसमध्ये सरळ कन्नड बोलतात. वाचायची वेळ आली की मात्र मराठी लागते. सरकारी मेसेज येतो कन्नडमध्ये, बँकेचा येतो इंग्रजीत. दोन्ही दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागतात.

म्हणून या पिढीला आवाजावर चालणारी सोय लवकर पचते. व्हॉट्सॲपवर टाइप न करता बोलून निरोप पाठवणं २०१३ पासून शक्य झालं. मराठीत बोलून लिहायची सोय गूगलनं २०१७ मध्ये दिली. नातवाला निरोप, यूट्यूबवर पारायण नाहीतर कीर्तन, एवढं कुणी एकदा दाखवलं की पुरतं. ज्यात स्वतःची ओढ आहे ते आधी शिकलं जातं आणि मग बाकीच्याची भीती कमी होते. साध्या फोनवरून *९९# दाबून खात्यातली शिल्लक पाहता येते. ही सेवा मराठी आणि कन्नड दोन्हीत आहे. बोलून पैसे पाठवण्याची यूपीआय १२३पे सेवाही साध्या फोनसाठी मार्च २०२२ पासून सुरू आहे.

अंगठा लावताना सावध

गावातल्या केंद्रावर आधार आणि बोट लावून पैसे काढताना ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. त्यामुळे बोट लावणं म्हणजे सही करणं समजावं.

• बोट लावण्याआधी मशीनवर आकडा किती टाकला ते विचारावं.
• 'पुन्हा लावा, उठलं नाही' असं सांगितलं तर आधीच्या वेळची पावती मागावी.
• पैसे आणि पावती हातात आल्याशिवाय केंद्र सोडू नये. महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यावं.
• एम-आधार ॲपमधून बोटांचे ठसे लॉक करता येतात. मात्र लॉक असताना रेशन दुकानातही बोट चालणार नाही, आधी उघडावं लागेल.
• 'केवायसी संपली', 'पेन्शन बंद होईल' असे फोन आले तर बोलणं तिथेच तोडावं. 'डिजिटल अटक' नावाची गोष्ट कायद्यात नाही.
• पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करावा आणि बँकेला कळवावं. ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले असतील आणि तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं असेल, तर नुकसान ग्राहकावर टाकता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं. स्वतःहून ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं.

सत्तर वर्षांवरील ग्राहकांना रोख रक्कम देणं-घेणं, हयातीचा दाखला अशा कामांसाठी घरपोच सेवा देण्याची व्यवस्था करावी, असं रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितलं आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रिक्षात घालून शाखेत न्यायच्या आधी ही सोय शाखेत विचारावी. ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

घरच्यांसाठी शेवटचं एक : वडिलांच्या हातातून फोन घेऊन काम उरकून टाकणं सोपं असतं. त्याऐवजी फोन त्यांच्याच हातात राहू द्यावा, बटण त्यांनाच दाबू द्यावं. वेळ दुप्पट जातो, पण पुढच्या महिन्यात शिल्लक किती आहे ते त्यांना कुणाला विचारावं लागत नाही.