ग्रेडच वेगळी

माझ्या पहिल्या नोकरीत माझ्या पदाचं नाव होतं ‘सपोर्ट’. शेजारच्या टेबलावरचा मित्र ‘डेव्हलपर’. कोड दोघंही लिहायचो, रात्री उशिरापर्यंत थांबायचोही दोघं. त्याचा पगार माझ्या दीडपट आहे, हे दोन वर्षांनी टपरीवर चहा पिताना त्याच्याच बोलण्यातून कळलं. साहेबांना विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "अहो, तुमची ग्रेडच वेगळी!"

हे उत्तर किती जुनं आहे ते फार उशिरा कळलं, मार हिक्स यांचं २०१७ साली आलेलं ‘प्रोग्रॅम्ड इनइक्वॅलिटी’ वाचताना.

ब्रिटिश सरकारने १९५५ साली आपल्या नोकरीतल्या बायकांना पुरुषांइतका पगार द्यायचं मान्य केलं. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने, १९६१ पर्यंत. पण पंचकार्डांची यंत्रं आणि पुढे कॉम्प्युटर चालवणाऱ्या ‘मशीन ग्रेड’मधल्या बायकांना त्यातून वगळलं. कारण? तिथे जवळजवळ सगळ्या बायकाच. पुरुषांचा दरच नाही, मग बरोबरी करायची कोणाशी? म्हणजे जिथे बायका सर्वांत जास्त, नेमकं तिथेच समान वेतन नाही!

गंमत पुढेच आहे. कॉम्प्युटर म्हणजे नुसती आकडेमोड नाही, कारभाराची सूत्रं आहेत, हे साठच्या दशकात वरच्यांच्या लक्षात आलं. मग तेच काम अधिकाऱ्यांचं ठरलं आणि त्यासाठी तरुण पुरुष हवेसे झाले. त्याआधीचं, १९५९ सालचं एक उदाहरण हिक्स देतात. एका अनुभवी बाईने दोन नवख्या पुरुषांना काम शिकवलं, आणि तेच तिचे वरिष्ठ झाले.

स्टेफनी शर्ली त्याच काळातल्या. १९६२ साली सहा पौंडांवर त्यांनी घरी बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बायकांची कंपनी काढली. धंद्यासाठी पाठवलेल्या पत्रांना उत्तरंच येईनात. मग सही ‘स्टीव्ह’ अशी करायला लागल्या, आणि उत्तरं यायला लागली. काम तेच, बाई तीच.

असो. साहेबांवरचा राग कधीच गेला. आता पदांची नावं ठरवणाऱ्या कागदांवर माझीच सही असते. पुस्तक मिटल्यावर जुन्या फाईली काढून बसले. तीन मुली ‘सपोर्ट’मध्ये सापडल्या. तिघीही कोड लिहितात. तिन्ही कागदांवर सही माझी.