पॉलिमर क्लेचे दागिने : घरच्या ओव्हनमधील कला आणि घ्यावयाची काळजी

‘क्ले’ हे नाव दिशाभूल करणारे आहे; पॉलिमर क्लेमध्ये माती नसते. पीव्हीसी या प्लास्टिकचे सूक्ष्म कण, त्यांना मऊ ठेवणारे प्लॅस्टिसायझर आणि रंग यांचे ते मिश्रण होय. बाहुल्यांसाठी ख्यातनाम असलेल्या जर्मन कलावती केथे क्रूझ यांच्या कन्येने आकाराला आणलेले हे साहित्य १९६०च्या दशकात ‘फिमो’ या नावाने बाजारात आले. टेराकोटाच्या दागिन्यांना भट्टी लागते. येथे घरचा ओव्हन पुरतो. मात्र दागिन्याचा टिकाऊपणा आणि घरातील सुरक्षितता ही दोन्ही त्या ओव्हनच्या तापमानावर अवलंबून असतात.

घडण

क्ले प्रथम कणकेसारखी मळून मऊ व एकजीव करावी. नंतर लाटण्याने वा पास्ता मशीनने सारख्या जाडीची लाटी करून साच्याने आकार कापावेत. मण्यांना आणि पदकांना भाजण्यापूर्वीच भोके पाडावीत. ‘केन’ हे तंत्र अळूवडीची आठवण करून देते : रंगीत थर रचून उंडा वळायचा आणि त्याच्या चकत्या कापायच्या, प्रत्येक चकतीत तीच नक्षी उमटते. कच्ची क्ले पॉलिश केलेल्या टेबलावर ठेवू नये. तिच्यातील प्लॅस्टिसायझरमुळे पृष्ठभाग खराब होतो. काचेवर किंवा सिरॅमिक टाइलवर काम करणे उत्तम.

भाजणी

तापमान उत्पादनानुसार बदलते. फिमोसाठी ११० अंश सेल्सिअस व ३० मिनिटे, तर स्कल्पीच्या अनेक प्रकारांसाठी सुमारे १३० अंश (२७५ फॅरनहाइट) सांगितले जाते. वेष्टनावरील सूचना अंतिम मानावी. ओव्हनच्या बटणावरील आकड्यावर विसंबू नये, आत स्वतंत्र थर्मामीटर ठेवावा. मायक्रोवेव्ह वापरू नये. तापमान कमी पडल्यास दागिना ठिसूळ राहतो. नीट भाजलेली पातळ पट्टी थंड झाल्यावर किंचित वाकते, तुटत नाही. तापमान फार वाढल्यास क्ले करपते आणि हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो. तसे झाल्यास ओव्हन बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि मुलांसह खोलीबाहेर जावे. क्लेसाठी वापरलेले लाटणे, साचे व ट्रे पुन्हा स्वयंपाकासाठी वापरू नयेत.

सफाई आणि जोडकाम

कडा पॉलिश पेपरने पाण्याखाली घासाव्यात, म्हणजे धूळ उडत नाही. नखांच्या पॉलिशने चमक आणण्याचा मोह टाळावा. त्यातील द्रावकांमुळे पृष्ठभाग कालांतराने चिकट होऊ शकतो. कानातल्यांचे हूक निकेलमुक्त निवडावेत. त्वचेच्या संपर्कातील दागिन्यांमधून बाहेर पडणाऱ्या निकेलवर युरोपीय संघात कायदेशीर मर्यादा आहे. जुन्या साठ्यातील क्ले मात्र टाळलेली बरी : काही थॅलेट प्लॅस्टिसायझरवर खेळण्यांच्या बाबतीत युरोपीय संघाने २००५ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये निर्बंध घातले.

विक्रीपूर्वी

छंदाचे रूपांतर विक्रीत करण्यापूर्वी आपला व्हिसा तपासावा. अमेरिकेत एच-१बी व्हिसाधारकास केवळ मंजूर नियोक्त्याकडेच काम करता येते आणि एच-४ व्हिसावरील जोडीदारास स्वतंत्र रोजगार परवाना लागतो. दिवाळी बाजारातील छोटा स्टॉलही या नियमाला आपोआप अपवाद ठरत नाही. भेट म्हणून देण्यास अर्थातच कोणतीही आडकाठी नाही.