कॅरव्हॅन हवी होती ना, मग उचला गोणी

आधी बैलाची पाठ बघा. नुसत्या नजरेला कळत नाही, तळहात फिरवा. वशिंडामागं कुठं कढत लागलं किंवा बैलानं कातडं थरथरवलं, की समजायचं, काल तिथं पालाण घासलंय. तेवढ्या जागी चिंध्यांची घडी वाढवा, मगच गोणी चढवा. गोणी म्हणजे एक लांब जाड पिशवी, पाठीवर मधोमध बसणारी, दोन्ही कुशींना सारखं मीठ. तिला दोरी नाही, पट्टा नाही. वजन सारखं असलं तर दिवसभर जागची हलत नाही. एका बाजूला दोन शेर जास्त झालं, तर पहिल्याच चढाला घसरते. आणि ती एकट्यानं चढत नाही. पलीकडच्या कुशीला दुसरा माणूस लागतो, आणि "हां" म्हटलं की दोघांनी एकाच दमात उचलावं लागतं.

पलीकडं उभा आहे ठेकेदार. शाळेपासूनचा दोस्त. त्यानं पापणी लवायला लागतो तेवढाच उशीर केला आणि गोणीचं टोक तुमच्या पायावर आलं.

"काय बे," तुम्ही म्हणता.

"कंबर आहे का जेसीबी?" तो म्हणतो.

साल १८६०, पौषाचा वद्य पक्ष. तुम्ही उभे आहात ती जागा सोलापूरचा सात रस्ता, फक्त इथं अजून एकही रस्ता नाही. किल्ल्याच्या दक्षिणेचा उघडा माळ आहे, त्यावरून गाडीवाटा फुटल्यात, आणि थंडी इतकी की बैलांच्या नाकपुड्यांतून वाफ निघते. नगरपालिका आहे, १८५२ पासून. गिरणीची चिमणी नाही. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू होईल, तोवर या गावाला भोंगा ठाऊक नाही. तुमच्या ओळखीचं म्हणावं असं एकच आहे: सिद्धेश्वराचं तळं. परवा संमती कट्ट्यावर अक्षता पडल्या, नंदीध्वज मिरवले, जनावरांचा बाजार भरला. तिथंच लमाण तांड्याच्या नायकानं चार बैल विकून तीन घेतले आणि उरलेल्या पैशात सगळ्यांसाठी चिलमीची तंबाखू.

हट्ट तुमचाच होता, चौघांचा: तुम्ही, ठेकेदार, मास्तर आणि बँकवाला. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून सात रस्त्याच्या चहावर मास्तरानं दुसरा विषय काढला नाही. चाकांवरचं घर भाड्यानं घ्यायचं, बायकांना सांगायचं नाही, चौघांनी निघायचं. ऑस्ट्रेलियात म्हणे म्हातारी माणसं महिनोन्महिने अशी लाल माळावर फिरतात. बँकवाल्यानं हिशेब मांडला, डिझेलला अडला. तर ही घ्या कॅरव्हॅन. डिझेल लागत नाही, वाटेतलं गवत खाऊन चालते. एक कबुली इथंच देऊन टाकू. लमाण परक्याला सहसा तांड्यात घेत नसत. त्यांच्या बोलीत ते स्वतः गोर, बाकीचं जग कोर. दीडशेहून जास्त वर्षं मागं चालत आलेल्यांना तेवढी सवलत आपण देऊ.

तांडा लहान आहे. सतराव्या शतकात ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले होते. ते समोरून आले की गाडीवाल्यांना वाट मोकळी होईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावं लागे. सात रस्त्याच्या सिग्नलवर दीड मिनिटात हॉर्न वाजवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. आता नायकाकडं उरलेत दीडेकशे बैल. मीठ कोकणातलं, घाट चढून पुण्यावरून आलेलं. इथून पुढं विजापूर. तिथं ते विकून धान्य भरायचं. या धंद्याला ते लदेणी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या मुघल, मराठे, इंग्रज, ज्याची फौज असेल त्याला यांनी दाणा पोचवलाय.

म्होरक्या बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ आहे, कपाळावर कवड्यांचा पट्टा. तो निघाला की बाकीचे निघतात, हाकायची गरज नाही. बायका बाजूनं चालतात. आरशांची कांचळी, घेरदार फेटिया, दंडापर्यंत हस्तिदंती बलिया, कडेवर पोर. त्या तुमच्यापेक्षा भरभर चालतात आणि वर हसतात. दिवसाची मजल चार-पाच कोस. आज याच विजापूर रस्त्यानं, राष्ट्रीय महामार्ग ५२ वरून, तुम्ही तासाभरात भीमा ओलांडता. इथं पहिला मुक्काम हत्तूरच्या शिवारातच पडतो.

आणि तुम्हाला पहिल्यांदाच हा मुलूख दिसतो. गाडीच्या काचेतून बोरामणीचा माळ काय किंवा मंद्रूपची काळी काय, सगळं एकसारखं सपाट वाटायचं. चालताना कळतं की काळी संपून मुरूम लागला की बैलाच्या खुरांचा आवाजच बदलतो. पवळीच्या दगडांत सरडा कुठं बसतो ते कळतं. शाळू पोटऱ्यातून निसवून कणसं भरत आलेत. शेताकडेनं जाताना बैलांना मुसकी बांधायची. एक जरी तोंड शाळूत गेलं, तरी मचाणावरून गोफणीचा दगड येतो. दुपारी माळावर मास्तर एकदम थांबतो. दूर गवतात माणसाच्या कमरेएवढा पक्षी मान ताठ करून चाललाय. मागं अजून तीन. माळढोक. त्याच्या नोकरीच्या काळात मास्तर पोरांची सहल घेऊन कितीदा नान्नजला गेला, १९७९ मध्ये अभयारण्य झालं तेव्हापासून. बहुतेक वेळा गवतच बघून आला. इथं कुणी मान वळवूनही बघत नाही. तांड्यातला एक पोरगा फक्त विचारतो, "खायला पायजे काय?"

मुक्कामाला गोण्या उतरवून गोल भिंत रचतात, कमरेएवढी. आत माणसं, मधे चूल, बाहेर कुत्री. १८५७ च्या धामधुमीत सरकारनं हत्यारं काढून घेतली. त्या पायी मुधोळजवळ हलगलीच्या बेरडांनी बंड केलं, ते चिरडलं गेलं. त्यामुळं नायकाजवळ आता काठी आणि कुत्री एवढंच. कुत्री मात्र वाघाच्या काळजाची आहेत. बँकवाला रात्री लघवीला उठला तो अर्धा तास गोणीवर उभा राहिला.

शेतकरी येतो, मूठभर मीठ मागतो, त्याबदली ओंजळ भरून कणसं देतो. बांधावर खड्डा, त्यात गोवऱ्यांचा आर, कणसं उभी खोचलेली. भाजलेलं कणीस तळहातांत धरून चोळायचं, फुंकर मारायची, हिरवा दाणा राहतो. सोबत जवसाची चटणी. तुम्ही आयुष्यभर पार्ट्या केल्या, हुरड्याच्या म्हणून, बुकिंग करून, झोपाळ्यासह. इथं चौघं एकाच आगटीभोवती हात काळे करून बसलात आणि कुणीच फोटो काढत नाही, कारण काढता येत नाही. चांदणं उशिरा येणार. गप्पा मात्र त्याच: कोणत्या मास्तरनं कुणाला कसं बडवलं, कोण कुणाच्या गल्लीत सायकलवरून का जायचं. सातव्यांदा ऐकलेली गोष्टही दिवसभर चालून आल्यावर नवीन वाटते. घरी चहाच्या कपाएवढा वेळ असतो, मग प्रत्येकाला आपलंच दुखणं सांगायचं असतं.

वडकबाळला सीना. पाणी घोट्याएवढं, चेष्टेत पार होते. टाकळीला भीमा आहे, ती चेष्टा नाही. उजनी धरण तिला आवळायला अजून एकशेवीस वर्षं आहेत. पौषातही धार जिवंत, मधे मांडीपर्यंत. मिठाचा बैल नदीत घालणं म्हणजे काय, ते इथं कळतं. बैल घसरला तर उठवता येतो. पण थंड पाणी लागून तो आरामात बसला, की कुशीतलं मीठ नदीचं झालं. म्हणून प्रत्येक बैलाशेजारी एक माणूस, एक हात शेपटीवर, दुसरा गोणीखाली. गोणी वर दाबून धरायची, बैलाला थांबू द्यायचं नाही, ओरडत राहायचं. तुमचा बैल मधोमध थांबतो. गुडघे वाकवायला लागतो. तुम्ही शेपूट पिळता, काही नाही. पलीकडून ठेकेदार स्वतःचा बैल सोडून येतो, गोणीखाली खांदा घालतो, आणि अशी एक सोलापुरी शिवी हासडतो की तिनं आदिलशाहीतला बैलसुद्धा उठला असता. बैल उठतो. एका कोपऱ्यातून पांढरं पाणी ठिबकत राहतं. नायक काठावर ती गोणी हातानं तोलून बघतो आणि काही बोलत नाही. त्याचं न बोलणं तुम्हाला मजुरीतून कळेल.

पलीकडच्या काठावर बोली बदलते. धूळखेडच्या बायका "उप्पु, उप्पु" करत पायल्या घेऊन धावतात. जिल्हा मात्र बदलत नाही. इंडी, मुद्देबिहाळ अजून सोलापूरच्याच कलेक्टराकडं आहेत.

झळकीच्या मुक्कामी आगीभोवती मागून आलेला एक गाडीवान बातमी सांगतो. आगगाडी बार्शी रोड स्टेशनावरून पुढं सरकली, मोहोळपर्यंत येतेय, पाऊस पडायच्या आत सोलापूर. तांड्यातला एक म्हातारा म्हणतो, भोर घाटात अडकलीय ती, खंडाळ्याला माल उतरवून खाली बैलानंच न्यावा लागतो. बरोबर आहे त्याचं. आणखी तीन वर्षं. १८६३ मध्ये घाटही फुटेल, आणि कोकणचं मीठ बैलाच्या पाठीवरून कायमचं उतरेल.

तुम्हाला पुढचं सगळं पाठ आहे, हीच पंचाईत. सोलापूरला गाडी येईल जून १८६० मध्ये. त्याच जूनमध्ये कराचीहून निघालेले चोवीस उंट मेलबर्नला बोटीतून उतरतील आणि मास्तराच्या त्या लाल माळावर लदेणी सुरू होईल. जग असं एका टोकाला तांडा मोडतं आणि दुसऱ्या टोकाला बांधतं. विजापूरच्या वाटेला मात्र होटगी-गदग लोहमार्ग यायला १८८४ च्या आसपासचा काळ उजाडणार. म्हणजे चोवीसेक वर्षं आहेत. तुम्ही न राहवून नायकाला तेवढं सांगता. तो बोटांवर मोजतो. बैलांच्या दोन पिढ्या, नातवाचं लग्न. त्याला ते भरपूर वाटतं. मधे १८७६ चा दुष्काळ आहे. मुंबई इलाख्यात सोलापूर आणि कलादगी हे जिल्हे सगळ्यांत जास्त होरपळतील, आणि माणसांआधी जनावरं मरतील. ते तुम्ही सांगत नाही. मास्तर तुमच्याकडं बघतो, तोही सांगत नाही.

सकाळी ठेकेदार तयार. पटका बांधलेला, काठी हातात, तोंड उत्तरेला. मोहोळच्या बाजूला मातीच्या भरावाचं काम आहे, तो गाडीवान मुकादमाला ओळखतो. ब्रास काढणं, माणसं लावणं, पैसे थकवणं, यात याचा जन्म गेला.

"रेल्वेचं बिल वेळेवर निघत नाही," बँकवाला बजावतो.

"तेव्हा निघत असेल बे."

नायकानं वाट बदलायचं ठरवलंय. विजापुरात माल उरकून परतीला सोलापूर नाही, मुद्देबिहाळकडं खाली, जिथं रुळांचं कुणी नावही काढत नाही. तो ठेकेदाराचा हिशेब करायला बसतो. रोख पैसा विजापूरशिवाय हातात येत नाही, म्हणून मजुरी मिठातच. भीमेत ठिबकलेल्या गोणीचा हिस्सा आधी वजा होतो. उरलेलं पुरचुंडीत बांधून तो पुढं करतो.

"भरावावर माती टाकणाऱ्यांत हे मीठ विकत कोण घेणार?" ठेकेदार विचारतो.

"मुकादमाला दे," नायक म्हणतो. "पहिल्या दिवशी काम हलकं देईल."