साकोलीचे पळशीकर मास्तर

मुंबई-कोलकाता महामार्गावरचे साकोली अनेकांना ठाऊक आहे ते चहापुरते थांबण्याचे गाव म्हणून. चित्रकार शंकर पळशीकर १९१७ साली इथेच जन्मले. साकोलीचा भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, राजधानी नागपूर. चित्रकला शिकायला मात्र त्यांनी थेट मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट गाठले. १९४७ साली पदविका घेतली आणि तिथेच ते शिकवू लागले. १९६८ ते १९७५ अधिष्ठाता होते.

जेजेची शिस्त ब्रिटिश वळणाची: आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसलेला जिवंत माणूस. व्यक्तिचित्रणात पळशीकरांचा हात पक्का होताच. पण लघुचित्रांची रेषा, तंत्रसाधनेतली प्रतीके, अगदी ‘ॐ’ हे अक्षरसुद्धा त्यांनी चित्रात आणले.

तैयब मेहता आणि प्रभाकर कोलते हे दोघे त्यांचे विद्यार्थी. एकाच्या चित्रात कोसळणारी माणसे, दुसऱ्याच्या चित्रात निव्वळ रंग! मास्तरांनी आपला शिक्का कुणावर मारला नाही, याची याहून मोठी पावती कोणती?

१९८४ साली पळशीकर गेले. भंडारा जिल्ह्यातल्या कलाशिक्षकांनी चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या पोरांना हे नाव एकदा तरी सांगावे.