दोन बादल्यांतून सुरू झालेलं काम

१८ ऑगस्ट १९६९. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यात फिश स्लू नावाची पाणथळ जागा आहे. तिथलं एक डबकं आटत चाललं होतं आणि ओवेन्स पपफिश या माशाची जगात उरलेली सारी वस्ती त्याच डबक्यात होती. १९४८ साली या माशाला शास्त्रीय नाव मिळालं, तेव्हाच तो नामशेष झाल्याचं धरलं होतं. १९६४मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ रॉबर्ट रश मिलर व कार्ल हब्ज आणि राज्याच्या मत्स्यखात्यातले फिल पिस्टर यांना तो पुन्हा सापडला. आता पिस्टर आणि सहकाऱ्यांनी सुमारे ८०० मासे पकडून जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवले. सहकारी जेवायला गेले. पिस्टर पुन्हा पाहायला गेले, तर पिंजऱ्यातले मासे प्राणवायूअभावी मरायला लागलेले. जिवंत होते तेवढे त्यांनी दोन बादल्यांत घेतले आणि अंधारात, दलदलीतून एकेक पाऊल जपून टाकत गाडी गाठली. ठेच लागली असती, तर एक जात तिथंच संपली असती.

त्याच नोव्हेंबरमध्ये डेथ व्हॅलीत वाळवंटी माशांची काळजी असलेली माणसं एकत्र बसली. ‘डेझर्ट फिशेस कौन्सिल’ या संस्थेची सुरुवात ती.

अशा संस्थेची गरज का पडली, हे कळायला आणखी सात वर्षं मागे जावं लागतं. सप्टेंबर १९६२मध्ये, फ्लेमिंग गॉर्ज धरणात पाणी अडवण्याआधी, सरकारी मत्स्यखात्यांनीच ग्रीन नदी आणि तिच्या उपनद्यांच्या सुमारे ७०० किलोमीटर पात्रात रोटेनोन हे विष सोडलं. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांसाठी बाहेरचा ट्राउट वाढवायचा होता. नदीचे मूळचे मासे बिनकामाचे ठरले. मिलर यांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. पिस्टर यांची नोकरी अशाच खात्यातली. म्हणून कौन्सिलमध्ये खात्यातले अधिकारी आणि विद्यापीठातले संशोधक एकत्र बसू लागले, याचं मोल मला फार मोठं वाटतं.

पहिली मोठी कसोटी डेव्हिल्स होलची. नेवाडातल्या या कपारीत जेमतेम इंचभर लांबीचा, दुसऱ्या जातीचा पपफिश राहतो. पाण्याखालच्या एका उथळ खडकावरच तो शेवाळ खातो, तिथंच अंडी घालतो. १९६८पासून शेजारच्या शेतीसाठी विहिरींतून उपसा सुरू झाला आणि तो खडक उघडा पडू लागला. या उपशाविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७६मध्ये न्यायालयाने एकमताने माशाला लागेल तेवढं पाणी राखायचा निकाल दिला. तरी २०१३च्या एका मोजणीत तिथे अवघे ३५ मासे भरले.

पाणी राखलं तरी परक्या माशांचा प्रश्न उरतोच. कोलोरॅडो नदीवरच्या मोहावी जलाशयात रेझरबॅक सकर हा मूळचा मासा दरवर्षी अंडी घाली, पिल्लंही निघत. पण बाहेरून आणलेले मासे ती गिळून टाकत. उरले ते फक्त म्हातारे मासे. डब्ल्यू. एल. मिंकली आणि इतर संशोधक रात्री पाण्यात दिवा सोडून, उजेडाकडे येणारी केसाएवढी पिल्लं टिपू लागले. ती सुरक्षित तळ्यांत मोठी करून पुन्हा सोडली जातात. मिंकली आणि जेम्स डीकन यांनी संपादित केलेल्या ‘बॅटल अगेन्स्ट एक्स्टिंक्शन’ या १९९१च्या ग्रंथात या लढ्याची हकिगत आहे.

कौन्सिलची वार्षिक सभा आजही भरते. मेक्सिकोतले संशोधक बरोबरीने असतात आणि निबंधांचे सारांश इंग्रजी व स्पॅनिश दोन्ही भाषांत निघतात. पिस्टर २०२३मध्ये गेले. ओवेन्स पपफिश अजून आहे.

तिकडे वाळवंटी माशांना छळणाऱ्या परक्या माशांत गॅम्बुशियाही आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून आपल्याकडेही तो पाण्यात सोडतात. बंद टाकीत सोडलात तर ठीक. पण ओढ्यात, तळ्यात किंवा पुराचं पाणी शिरतं अशा विहिरीत कृपा करून सोडू नका. तिथे आधीपासून कोणते मासे आहेत, ते गावातल्या भोई मंडळींना विचारा.