गिऱ्हाईक घडवणारे दुकान

हिर्डोशीहून वरंधा घाटाकडे निघालेला सायकलस्वार चढ लागताच पायउतार होतो आणि सायकल हाती धरून चालू लागतो. अशा मुलखात सायकल विकत घेण्यापेक्षा ती चालती ठेवणे अवघड. म्हणून इथल्या माणसाचा विश्वास दुकानाच्या पाटीवर नसतो, दुरुस्त करणाऱ्या हातावर असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवूनच किर्लोस्करांच्या बेळगावच्या दुकानाकडे पाहावे असे मला वाटते.

1888 साली निघालेल्या या दुकानावरून आपण चटकन नांगराकडे वळतो. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. ते तिथून सायकली पाठवीत. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत आणि लोकांना चालवायलाही शिकवीत. दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ इंग्लंडमध्ये आली ती 1885 साली; डनलॉपची हवेची धाव तर 1888 ची. यंत्रच इतके नवे, की ते चालवता येणारा माणूस आधी तयार करावा लागे. शिकवणारा मागून धरून धावतो, तोल सावरतो, योग्य वेळी हात सोडतो. हे नाते पावतीवर संपत नाही.

पुढे बढती डावलली गेल्याने लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला परतले. कडबा कापण्याची यंत्रे झाली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीपायी नांगराला सुमारे दोन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नाही. इथेही आधी माणूसच तयार करायचा होता. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या पाठबळाने 1910 साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

1920 साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मराठी वाचकांच्या घराघरांत पोचले. मला त्याचे मूळ त्या सायकलच्या दुकानात दिसते: माल दिल्यावर माणसाला वाऱ्यावर सोडायचे नाही. आपली पुष्कळशी वाचनसंस्कृती उद्योगाच्या आधाराने वाढली, हे मान्य करायला आपण बिचकतो. आज किर्लोस्करवाडीच्या इतिहासात भांडवल, जमीन आणि यंत्रे यांचा हिशेब सापडतो. सायकलमागे धावलेल्या पावलांचा हिशेब मात्र मांडायचा राहून गेला आहे.